नावं बाहेरच्या बाजूला

१९ फेब्रुवारी १९९४, जळगाव

...आणि वर पप्पा मलाच म्हणतात, "चारू, नाशिकला वर्षभर हेच शिकलीस का? जुनं घरात आणायला?"

काल जेवताना भांडण अर्धवट राहिलं. मम्मीनं मध्येच भरीत वाढलं, आणि ताटात भरीत आलं की पप्पा भांडत नाहीत. तर उरलेलं इथं लिहिते. मराठीत लिहितेय, कारण रागात मला इंग्रजी सुचत नाही. केजीपासून कॉन्व्हेंट, पण इंग्रजीत मला फक्त सॉरी आणि थँक यू नीट म्हणता येतं. भांडता येत नाही.

मुद्दा हॉलचा आहे. नवा बंगला बांधून झाला. वास्तुशांती आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तेरा मेला. मी इंटिरिअरचा कोर्स करून आले म्हणून पप्पांनी हॉल माझ्या हवाली केला. मम्मीसमोर शब्द दिलाय. आलेल्या लोकांनी हॉल बघून नाव काढलं, तर रस्त्याकडचा गाळा माझा. 'चारुशीला इंटिरिअर्स' अशी पाटी. नाही काढलं, तर गाळ्यात खताची एजन्सी आणि माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू.

मी म्हटलं, रेट्रो लुक करू. पन्नास सालचा खानदेशी हॉल. खाली लाल कोबा, मध्ये सागवानी झोपाळा, कोपऱ्यात व्हॉल्वचा रेडिओ, भिंतीशी पितळी भांड्यांची उतरंड. मुंबईतले मोठे लोक आता हेच करून घेतात, मासिकात फोटो येतात.

पप्पा म्हणाले, "मुंबईवाल्यांच्या आज्यांनी भांडी मोडीत घातली म्हणून ते आता विकत घेतात. आम्ही कालपर्यंत शेणानं सारवत होतो. मला चकचकीत पाहिजे. त्या भिंतीला सीनरी लाव."

सीनरी म्हणजे वॉलपेपर. बर्फाचे डोंगर, धबधबा, लाल कौलांचं घर. त्यांच्या आडतवाल्या मित्राकडे आहे. जळगावात बेचाळीस डिग्रीत बसून बर्फ बघायचा! मी नाही म्हटलं. ओरडूनच म्हटलं. शेवटी ते म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. पण शब्द लक्षात ठेव."

मला लक्षात आहे. तुम्ही ठेवा.

२३ फेब्रुवारी

जीवराम मिस्त्री धुळ्याचे. सुतारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही म्हणून मुद्दाम बोलावले. झोपाळ्याचं ड्रॉइंग दाखवलं, स्केलसकट. त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला आणि हसायला लागले.

"ताई, मना बापनी असाच झोपाळा करेल व्हता. आम्ही तो मोडीसन चुल्हामा घाला."

"का?"

"जुना व्हयना ना. सनमायका लावी दिऊ का? मस्त चमकी."

मी सनमायकाचं नावसुद्धा काढायचं नाही असं सांगितलं. ते "बरं ताई" म्हणाले आणि खाली जाऊन मम्मीला विचारलं, "पोरगीनं डोकं ठीक शे ना?" मी जिन्यातच उभी होते. मम्मी हसली. मिस्त्रीपेक्षा मम्मीचा राग जास्त आला.

६ मार्च

मिस्त्रींबरोबर एसटीनं धुळ्याला. पाच कंदिलाच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ जुनं सामान विकतात. तिथं मला माझा रेडिओ मिळाला! लाकडी पेटी, पुढं सोनेरी जाळी, काचेवर गावांची नावं. वाजत नाही. न वाजू दे. मिस्त्री म्हणाले, वाजत नाही तो रेडिओ कसाले घेवाना? मी म्हटलं, बघायला. त्यांनी दुकानदाराकडे बघितलं, दुकानदारानं मिस्त्रींकडे. दोघांनी काही न बोलता माझी पार लाज काढली.

पण भांडी मनासारखी नव्हती. सगळी नवी, यंत्रावरची, पातळ. मला ठोक्याची पाहिजेत. परतताना पारोळ्याला चहा पिताना एकदम सुचलं. आत्याकडे आहेत की!

१० मार्च

आत्या म्हणजे बेबाबाई, पप्पांची मोठी बहीण. पप्पा तिला अक्का म्हणतात. यावलपासून थोड्या अंतरावर आमचं गाव, तिथं पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते. पंधराव्या वर्षी लग्न होऊन रावेरकडे गेली होती. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली. तर आत्या कोणाची वाट न बघता बैलगाडी करून परत आली, आणि येताना लग्नातली स्वतःची सगळी भांडी गाडीत घालून आणली. सासू म्हणे गाडीपुढे आडवी पडली होती, तरी एक वाटी सोडली नाही. आमच्या आबांनी, म्हणजे पप्पांच्या वडिलांनी, मग केळीचा मळा तिच्या नावावर करून दिला. अजूनही गावात त्याला बेबाचा मळा म्हणतात.

मला आत्या आवडते, पण ती आजकाल मूडी झालीय. दिवाळीआधी पप्पा तिला जीपमधून यावलला घेऊन गेले होते, कसल्यातरी कागदावर सही करायला. तेव्हापासून आत्या आमच्याकडे आली तरी चहा घेत नाही. पाणीसुद्धा स्वतःच्या तांब्यातलं. मम्मी म्हणते, तिला पित्त आहे.

पप्पांनी बंगल्यात तिच्यासाठी मागची खोली ठेवलीय, किचनच्या स्टोअरशेजारी. खिडकी लहान आहे, पण मी तिथंही काहीतरी छान करणार आहे.

१३ मार्च, रविवार

आत्या ग्रेट आहे. या घरात डिझाइन कळणारी एकच बाई आहे आणि ती चौथी पास आहे!

सकाळी जीप घेऊन गेले. वाटेत बेबाच्या मळ्यात दुसऱ्याच कोणाचा ट्रॅक्टर चालू होता. पप्पांनी बटाईनं दिला असेल. आत्या दारात बसून शेंगा फोडत होती.

"कोन, चारू वं? बापानं धाडलं का?"

"नाही आत्या. मीच आले. मला तुमची भांडी पाहिजेत."

हात थांबला तिचा. माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं आता हाकलून देणार. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. हॉल, रेट्रो, उतरंड, वास्तूला येणारे लोक, गाळा. ती ऐकत होती.

"किती लोकं येतीन?"

"दोनशे तरी. आखाजी आहे ना. सगळ्या माहेरवाशिणी असतील, भाऊबंदकीतल्या."

"झुंबर येईन?"

झुंबरबाई म्हणजे पप्पांची रावेरची चुलत बहीण. आख्ख्या तालुक्याचं रेडिओ स्टेशन. म्हटलं, पत्रिका गेलीय.

आत्या उठली. पलंगाखालून एकेक भांडं काढलं. हंडा, घागर, कळशी, मग उतरत्या मापाचे डबे आणि शेवटी एक गडू. अकरा. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. आमच्याकडे लग्नाच्या भांड्यावर नाव टाकतातच, कोणी दिलं, कोणाला दिलं. पंगतीला एकमेकांची भांडी नेतात, परत देताना नाव वाचून ओळखतात. त्यामुळे आमच्या बायका पाहुण्याच्या तोंडाकडे नंतर बघतात, भांड्यावरच्या नावाकडे आधी.

हंड्यावर होतं, 'चि. बेबा हिचे लग्नात निंबा जानकू चौधरी यांजकडून, ता. ४-५-५१.' निंबा म्हणजे आबा. अक्षरं कशी! जरा तिरकी, जरा वेडीवाकडी. एकदम ओरिजिनल. मी तर नाचायचीच बाकी होते.

आत्यानं सगळी माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, "बठ्ठे नेय पोरी. पन येक कर. नावं भायेरच्या अंगाले ठेवजो. भित्तीकडे नको."

हेच मला सांगायचं होतं! नावं हाच त्या भिंतीचा फोकल पॉइंट आहे. मी तिला मिठीच मारली. ती काही हसली नाही, फक्त माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. चरे पडू नयेत म्हणून भांड्यांच्या मध्ये केळीची पानं घालून दिली. जीपपर्यंत हंडा स्वतः उचलून आणला, सत्तावन्न वर्षांची बाई.

१५ मार्च

मम्मीशी बोलणार नाही.

भांडी बघितली आणि चेहराच उतरला. "ही अक्कांची आंदणाची भांडी. ही का आणलीस?"

"तिनंच दिली."

"दिली?" हंड्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "ठेव मग. पण नावं भिंतीकडे कर."

मी विचारलं, का? म्हणे बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं काय दिसतं ते तू मला शिकवू नको. तू प्लॅस्टिकची द्राक्षं टांगायला निघाली होतीस. ती म्हणाली, "जाऊ दे. तू शिकलेली आहेस." आणि आत निघून गेली.

हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. शिकलेली आहे तर ऐका ना माझं! नाहीतर शिकवलंत कशाला?

२ एप्रिल

कोबा फसला. लाल व्हायच्या ऐवजी कलिंगडासारखा गुलाबी झाला. पुन्हा उखडायला लावला. गवंडी माझ्यासमोर मिस्त्रींना म्हणाला, बाईमाणसाच्या हाताखाली काम म्हणजे असंच. मी म्हटलं, रंग तुम्ही कालवला, मी नाही. मिस्त्री पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलले, "ती बरोबर सांगी राहिनी. रंग तूच कमी टाका."

मनातल्या मनात त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले.

२८ एप्रिल

चव्वेचाळीस डिग्री. लाइट दिवसातून चारदा जाते. भांडी चिंचेनं आणि रांगोळीनं घासली, बोटांची सालं निघाली, पण भिंतीपाशी दुपारचं ऊन आलं की हॉलभर पिवळा उजेड पडतो. झोपाळा लागला. रेडिओ बसला. कोबा आता हवा तसा, वाळलेल्या मिरचीच्या रंगाचा.

पप्पा दारातूनच बघून गेले. पत्रिकांची यादी हातात होती. "भंगारचं दुकान," एवढंच म्हणाले. जवळ जाऊन एकही भांडं बघितलं नाही. ज्याचा निकाल लावायचा ते निदान बघायचं तरी! माझ्या दोन महिन्यांकडे त्यांनी दोन मिनिटं नाही दिली.

१३ मे, आखाजी

काही लिहिता येत नाही. उद्या.

१४ मे

शांतपणे, क्रमानं लिहिते.

पूजा अकराला आटोपली. पंगती मागच्या मांडवात होत्या, खापरावरचे मांडे आणि रस. बायका जेवून हळदी-कुंकवाला हॉलमध्ये आल्या, आणि खरं सांगते, पहिली पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी होती. कोणी झोपाळ्यावर बसलं, कोणी कोब्यावर चप्पल न घालता मुद्दाम चाललं. एक म्हातारी रेडिओला हात लावून रडायलाच लागली, त्यांच्याकडे असाच होता म्हणे. धुळ्याच्या एका डॉक्टरांच्या बायकोनं विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, मी. पप्पा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मला दिसलं, त्यांना आवडलं होतं.

मग झुंबरबाई आल्या. बसल्या नाहीत. सरळ भिंतीपाशी गेल्या, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या, वर्गात धडा वाचतात तसं.

"चि. बेबा हिचे लग्नात..." पुढचं भांडं. "बेबा हिस मामाकडून..." पुढचं. "बेबा हिस..." अकराच्या अकरा. तोपर्यंत हॉलमधल्या सगळ्या भिंतीपाशी जमल्या. बाहेरचे पुरुषही दाराशी आले.

झुंबरबाई पप्पांकडे वळल्या. "काय रे शालिग्राम, आखाजीले बहिनीले भांडं देतेत, का बहिनीचं घेतेत?"

कोणीतरी हसलं. पप्पा म्हणाले, "पोरीनं सजवलंय झुंबर. शोभेला."

"शोभेले तं शोभेले. पन आंदन तिचं, हॉल तुहा. मंग आंदन हितं कसं?"

आत्या भिंतीशी पाट घेऊन बसली होती. सकाळपासून तिथंच होती. मला वाटलं होतं, भांड्यांजवळ बसायला आवडतंय. झुंबरबाईंनी तिला विचारलं, "बेबा, तू देल्ले का?"

आत्या बसूनच बोलली. आवाज वाढवला नाही.

"मांगतले तं देल्ले. दिवाळीच्या आंधी मळा मांगतला. म्हने निस्ती सही पायजे, पानीपट्टीची. म्या सही देल्ली. आता त्या मळ्याच्या पैशावर हे घर उभं हाये. मंग भांडे मांगाले पोरगी आली. म्या भांडे बी देल्ले. बठ्ठे वाचा. मह्या बापानं मले काय काय देल्लं व्हतं ते तिथंच लिहेल हाये. तेवढंच लिहेल राह्यलंय आता."

पप्पांचा चेहरा मी आधी कधी असा बघितला नव्हता. ते म्हणाले, "अक्का, उन्हानं तुला चक्कर येतेय. आत चल." आत्या उठली नाही. झुंबरबाई तिच्याशेजारी खालीच बसल्या, कोब्यावर. मग दुसरी एक बसली. मग आणखी दोघी. झोपाळा रिकामा होता आणि बायका सगळ्या खाली.

माझ्या हॉलबद्दल नंतर कोणी एक शब्द काढला नाही.

१५ मे

घरात आरडाओरडा चालूच. पप्पा म्हणतात, मी त्यांची अब्रू वेशीवर टांगली. मी म्हटलं, मला काय माहीत मळ्याचं? ते म्हणाले, "भाऊ बहिणीचं आंदण घरात मांडून ठेवतो का? एवढं कळत नाही? कुठल्या शाळेत घातलं तुला!"

"तुम्हीच घातलंत."

थप्पड बसली असती. मम्मी मध्ये आली.

मी विचारलं, "मळा विकला हे खरं आहे का?" पुढचंही विचारलं, "पाणीपट्टी म्हणून सही घेतली?" तर म्हणे, "तिला मूल ना बाळ, तिला कशाला मळा? तिला जन्मभर सांभाळणार कोण? मीच ना? मागची खोली कोणासाठी बांधली?"

मागची खोली. तिच्या खिडकीसाठी मी रंगीत काच आणायचं ठरवलं होतं.

मला सगळ्यांचा राग येतोय. पप्पांचा तर आहेच. मम्मीचा, कारण तिला सगळं माहीत होतं आणि तिनं "बरं दिसत नाही" एवढंच सांगितलं. आणि आत्याचा. हो, आत्याचाही. माझे दोन महिने, माझी सोललेली बोटं, माझा गाळा. आणि तिनं हॉलचं कोर्ट करून टाकलं.

१७ मे

एसटीनं गावी गेले. एकटी. आत्याला तोंडावर विचारायचंच होतं.

"आत्या, तुम्ही माझा वापर केला."

"केला," ती म्हणाली. लगेच. मला वाटलं होतं नाही म्हणेल, मग मी भांडेन. आता काय भांडणार?

"मला सांगायचं तरी."

"सांगतलं असतं तं तू भांडे नेले असते का?"

नसते नेले. मग मी म्हटलं, माझा गाळा गेला.

"आन महा मळा," ती म्हणाली. मग माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. "तुह्या बापानं मले वापरलं, तू महे भांडे वापरले, म्या तुहा हॉल वापरला. आता कोन राह्यलं? तुले राग आला तं येऊ दे. बाईनं रागात राहावं. म्या भलती वर्सं शांत राह्यली."

"तुम्ही वकिलाकडे का नाही गेलात?"

"वकील कागद मांगतो. कागद बठ्ठे तुह्या बापाजवळ. महं नाव फक्त पितळावर व्हतं."

मग म्हणाली, रविवारी भाऊबंदकीतले चार मोठे लोक जळगावला येणार आहेत, झुंबरच्या नवऱ्यानं जमवलेत, शालिग्रामला विचारायला. बैठक बंगल्यातच. "हॉल चांगला केला तू," ती शेवटी म्हणाली. "झोपाळा जरा उंच हाये."

एवढ्या सगळ्यात तिनं झोपाळ्याची उंची बघितली होती. खरंच दोन इंच उंच आहे. मिस्त्रींनाही कळलं नव्हतं. बसमध्ये हसू आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा राग आला.

२१ मे

संध्याकाळी पप्पा माझ्या खोलीत आले. खुर्चीवर बसले. आवाज एकदम मऊ. मला तो आवाज ओळखीचा आहे, व्यापाऱ्याशी बोलताना असतो.

"धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्यांचा दिवाणखाना तू करावा म्हणतात. तुझं काम चांगलं आहे चारू. मी मान्य करतो."

मी वाट बघत होते.

"गाळा तुझाच आहे. सोमवारी पाटी रंगवायला टाक. फक्त उद्या दहाला लोक येतील, त्याआधी भांडी फिरव. नावं भिंतीकडे. आणि कोणी विचारलं तर सांग, धुळ्याच्या जुन्या बाजारातून आणली. रेडिओ तिथूनच आणलास ना? भांडीही तिथलीच."

"झुंबरबाईंनी सगळी वाचलीत पप्पा. दोनशे लोकांनी ऐकलंय."

"झुंबर काहीही वाचते. आणि अक्काचं वय झालंय. तिचं डोकं ठिकाणावर नाही, हे सगळ्यांना पटेल. तू शिकलेली आहेस, तुझा शब्द ते मानतील."

आज पहिल्यांदा माझं शिक्षण त्यांच्या कामाला आलं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. केजीपासूनच्या सगळ्या रिझल्टच्या दिवशी ठेवत होते, तसा.

२२ मे, रविवार, सकाळ

सहाला उठून हॉलमध्ये आले. लाज वाटते, पण लिहिते. मी फिरवायला सुरुवात केली. वरून. आधी गडू, मग छोटे डबे. प्रत्येक भांडं उचलायचं, अर्धं वळवायचं, ठेवायचं. मनात मी डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्याचा विचार करत होते, खिडक्या कुठं असतील, उजेड कुठून येईल. दहा भांडी झाली.

मागं सरून बघितलं. आणि सगळ्यात जास्त राग तेव्हा आला. काहीच बिघडलं नव्हतं! नावं नसलेली पितळाची गोल पाठ, गुळगुळीत, सुंदर. नाशिकच्या आमच्या सरांनी फुल मार्क दिले असते. कोणाला काही फरक कळला नसता. मी नावांना फोकल पॉइंट म्हणाले होते, आणि नावं गेली तरी भिंत तशीच छान दिसत होती.

राहिला तळाचा हंडा. सगळी उतरंड त्याच्यावर, तो एकटीनं फिरत नाही. वरची सगळी उतरवायची, नाहीतर कोणीतरी धरायचं. मम्मीला हाक मारली. पीठ मळत होती, तशाच हातांनी आली. मी म्हटलं, वरची धर, मी खालून फिरवते.

तिनं धरायला हात पुढे केला. हंड्यावरचं वाचलं. मग हात मागं घेतला.

"माझ्याही भांड्यांवर नावं आहेत चारू," ती म्हणाली. "माझ्या बापानं दिलेली. माळ्यावर आहेत, पोत्यात. बावीस वर्षं झाली. हे मी नाही धरणार."

"मग पप्पांना काय सांगू?"

"ते तू बघ. मी काही फिरवलेलं नाही आणि काही फिरवणारही नाही." आणि पीठ मळायला गेली. मला इतका राग आला की ओरडून विचारावंसं वाटलं, मग मार्चमध्ये नावं भिंतीकडे कर असं का म्हणालीस? पण तिनं आत जाताना पदरानं डोळे पुसले, पिठाच्या हातांनीच, आणि कपाळाला पीठ लागलं. मग नाही विचारलं.

आता पावणेसात झालेत. सातला पप्पा चहा घ्यायला हॉलमध्ये येतात. दहाला माणसं. कोब्यावर बसून लिहितेय, समोर हंडा आहे. 'चि. बेबा हिचे लग्नात निंबा जानकू चौधरी यांजकडून.' वरची दहा गप्प. खालचा एकटा बोलतोय.

दहा भांडी परत बाहेर फिरवायला पंधरा मिनिटं पुरतील. वरची उतरवून हंडा भिंतीकडे करायलाही तेवढीच. दोन्ही पंधरा मिनिटांत होणार नाहीत, एकच काहीतरी होईल. तुम्ही माझ्या जागी असता, तर हात आधी कुठल्या भांड्याला लावला असता?